तिकिटाचा हिशेब घराच्या दारापासनं हॉस्टेलच्या दारापर्यंत करा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जुलै आला की आमच्या टिळकवाडीत, शहापुरात, अनगोळात एकच चर्चा सुरू होते, कुणाचा व्हिसा आला, कुणाचा अडकला आणि तिकीट केवढ्याला पडलं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातनं इंजिनिअरिंग करून जर्मनीला मास्टर्सला जाणारी पोरं आता बक्कळ झालीत. उद्यमबागेत फौंड्रीत काम करणाऱ्यांची, शाळामास्तरांची, ऊस लावणाऱ्या शेतकऱ्यांची पोरं आहेत ती, सगळी काही पैशेवाल्यांची नाहीत. बँकेचं कर्ज, जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे व्हिसासाठी राहण्याखाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्याला, वर्षाचे ११,९०४ युरो, सेमिस्टरची फी, हॉस्टेलचं डिपॉझिट, हे सगळं भरून झालं की शेवटी तिकीट उरतं आणि तोवर आईबाप इतके थकलेले असतात की मोबाईलवर जे सगळ्यात स्वस्त दिसेल ते काढून मोकळे होतात. माझी मुलगी माग्देबुर्गला शिकते, तिच्या निमित्तानं ओळखीपाळखीतल्या बऱ्याच पोरांची तिकिटं बघायची वेळ आली आणि त्यावरनं एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगायचीय म्हणून हे पत्र लिहितोय. तिकिटाचा हिशेब मुंबई ते फ्रँकफर्ट असा करू नका, आपल्या घराच्या दारापासनं तिकडच्या हॉस्टेलच्या दारापर्यंत करा. मोबाईलवर दिसणारा आकडा हा त्या हिशेबातला एक तुकडा आहे, बाकीचे तुकडे आपल्याच खिशातनं जातात आणि ते कुणी मोजत नाही.

आपण सीमेवरची माणसं, नातेवाईक मुंबई-पुण्यात, कागदपत्रं बंगळूरला. महाराष्ट्राच्या हद्दीतली शिनोळी इथनं अशी किती लांब, पण तिथल्या पोराची जर्मन व्हिसाची फाईल मुंबईच्या कॉन्सुलेटकडे आणि आपली बंगळूरच्या, कारण आपण कर्नाटकात. एवढं असूनही विमान म्हटलं की सगळ्यांच्या तोंडात मुंबई. मामा कांदिवलीत राहतो, तो सोडायला येईल, ठरलं. अहो पण बघा तरी की, आपल्याला मुंबई, बंगळूर, गोवा आणि हैदराबाद अशा चार वाटा आहेत, महाराष्ट्रातल्या कितीतरी जिल्ह्यांना एवढ्या जवळ एवढ्या वाटा नाहीत, आणि चारही ठिकाणची भाडी एकाच तारखेला सारखी कधीच नसतात.

आधी मुंबईचंच घेऊ, कारण जास्ती पोरं तिकडनंच जातात. मुंबईहून फ्रँकफर्ट, म्युनिक, झुरिक, पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, लंडन असे थेट पर्याय भरपूर आहेत आणि फ्रँकफर्टला साधारण नऊ तासांत पोचतं, हे सगळं चांगलंच आहे. खरं बेळगावहून मुंबईला जायचं कसं? सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरनं, विमानानं गेलात तर देशातल्या विमानात चेक-इनला साधारण १५ किलो आणि हातात ७ किलो, आणि पुढच्या युरोपच्या विमानात स्टुडंट तिकिटावर २३-२३ किलोच्या दोन बॅगा. म्हणजे ४६ किलो भरून घेतलेलं पोरगं सांबऱ्याच्या काउंटरवर उभं राहतं आणि तिथं त्याला ३१ किलो जादा निघतात. आमच्या ओळखीतल्या एका घरी नेमकं हेच झालं. काउंटरसमोर फरशीवर बॅग उघडलेली, आई एकेक पुडी बाहेर काढतेय, प्रेशर कुकर हातात घेऊन बाप विचारतोय हा ठेवायचा का न्यायचा, मागं लाईन थांबलेली, आणि शेवटी किलोमागं पैसे भरून जेवढं भरलं त्यात मुंबईची दोन तिकिटं आली असती. दोन वेगळी तिकिटं असली की पहिल्या विमान कंपनीला तुमच्या दुसऱ्या तिकिटाशी काही देणंघेणं नसतं, तिचा नियम तिचा. देशातल्या विमानाला पण स्टुडंट फेअर असतं, इंडिगोच्या स्टुडंट फेअरवर १० किलो जादा मिळतात, जादा वजन आधीच ऑनलाइन घेतलं तर काउंटरपेक्षा स्वस्त पडतं, पण हे लोकांना तिथं गेल्यावर कळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे टर्मिनल. मुंबईत देशातलं विमान सांताक्रूझच्या टर्मिनल १ ला उतरू शकतं आणि परदेशी विमान सहारच्या टर्मिनल २ वरनं सुटतं, मधलं अंतर गाडीनं जायचं. आणि आता २५ डिसेंबर २०२५ पासनं नवी मुंबईचं विमानतळ पण सुरू झालंय, ते उलव्याला, पनवेलच्या बाजूला. तिकीट काढताना शहराचं नाव दोन्हीकडं मुंबईसारखंच दिसतं म्हणून कोड बघायची सवय लावा, जुन्या मुंबईचा बीओएम आणि नवी मुंबईचा एनएमआय. एका विमानतळावर उतरून तीन तासांत दुसऱ्यावर जाऊ असं कुणी म्हणत असेल तर त्यानं संध्याकाळचं मुंबईचं ट्रॅफिक बघितलेलं नाही.

रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जायचं म्हटलं तर सामानाचा प्रश्न सुटतो, पण पावसाळ्यात, आणि नेमकं ऑगस्ट-सप्टेंबरलाच पोरं जातात, कागल ते सातारा रस्त्याचं सहापदरीचं काम, खंबाटकी, मग एक्सप्रेस वे, दहा तासांचे चौदा कधी होतात कळत नाही. म्हणून रस्त्यानं जाणार असाल तर विमानाच्या आदल्या दिवशी सकाळीच मुंबईत पोचलेलं बरं, आणि त्या एका दिवसाचा राहण्याखाण्याचा खर्च तिकिटात धरायचा.

आता बंगळूर. मला विचाराल तर बेळगावच्या पोरांसाठी ही वाट सध्या सगळ्यात सरळ आहे आणि तिच्याकडं आपल्या मराठी घरांचं लक्ष कमी जातं. ऑगस्ट २०२५ मध्ये बेळगाव-बंगळूर वंदे भारत सुरू झाली, ती पहाटे सुटते आणि दुपारी दोनच्या आत बंगळूर सिटी स्टेशनला पोचवते. आठवड्यातनं एक दिवस ती नसते तेवढं बघून घ्या. स्टेशनच्या समोरच मॅजेस्टिकचा बसस्टँड, तिथनं विमानतळाला वायुवज्रच्या एसी बस दिवसरात्र असतात, बॅगा ठेवायला जागा असते, टॅक्सीच्या मानानं पैसे अगदी कमी. देवनहळ्ळीच्या त्या विमानतळाला संध्याकाळी आरामात पोचतं, आणि लुफ्थान्सा, एअर फ्रान्स, केएलएम यांची युरोपची विमानं तिथनं बहुतेक मध्यरात्रीनंतर सुटतात. म्हणजे वेळेचा मेळ आपोआप बसतो आणि १५ किलोचा प्रश्न उरतच नाही. गाडी लेट झाली तरी हातात आठ-दहा तास असतात. रात्रीच्या गाड्या पण आहेत, राणी चन्नम्मा आहे, पण मग सकाळी पोचून अख्खा दिवस काढावा लागतो. विमानतळावर परदेशी विमानं टर्मिनल २ वरनं सुटतात हे बसमध्ये चढतानाच लक्षात ठेवा.

गोवा ही तिसरी वाट. मोपाचं विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं आणि ते आपल्याला दाबोळीपेक्षा सोयीचं आहे, आंबोलीमार्गे सावंतवाडी-बांदा करत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, नाहीतर चोर्ल्यानं. कतार एअरवेजनं जून २०२४ मध्ये दाबोळी सोडून मोपा धरलं, म्हणजे गोव्याहून दोहा आणि तिथनं पुढं युरोपातलं गाव अशी एकाच तिकिटावरची वाट तयार झाली. सर्चमध्ये नुसतं गोवा टाकलं की दोन विमानतळ येतात, मोपाचा कोड जीओएक्स आणि दाबोळीचा जीओआय, पोराला गाडीत बसवायच्या आधी कुठला आहे ते बघा. कारण पेडण्यातल्या मोपाला जायचं आणि वास्कोजवळच्या दाबोळीला जायचं यात दीड तासाचा फरक आहे. पावसाळ्यात चोर्ला घाटाचं काय होतं ते आपल्याला सांगायला नको, दरड, खड्डे, अवजड गाड्या अडकलेल्या. तेव्हा गोव्याहून विमान असेल तर रात्री घाट उतरायचा नाही, दिवसा उजेडी निघायचं. हैदराबादचं भाडं अधूनमधून स्वस्त दिसतं, पण तिथं जायचा खर्च धरला की फारसं काही उरत नाही. हुबळी आणि कोल्हापूर दोन्ही शंभरेक किलोमीटरवर आहेत, सांबऱ्याचं देशातलं विमान महाग दाखवत असेल तर हुबळीचं एकदा बघावं एवढंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, एक तिकीट का दोन. सांबऱ्याहून मुंबई किंवा बंगळूर आणि तिथनं युरोप हे सगळं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, मिळालं तर दोन-चार हजार जादा गेले तरी ते घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. एका पीएनआरवर पहिलं विमान चुकलं, रद्द झालं तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी त्या कंपनीची, बॅगा थेट शेवटच्या गावापर्यंत टॅग होतात आणि परदेशी तिकिटाचं वजन सहसा सगळ्या टप्प्यांना लागू होतं. दोन वेगळ्या तिकिटांत यातलं काहीच नाही. आपल्याकडं पावसाळ्यात ढग खाली आले की सांबऱ्याचं विमान लेट होतं, कधी रद्द होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. शेजारच्या गल्लीतल्या एका पोराचं मुंबईचं विमान असंच रद्द झालं, पुढचं युरोपचं विमान रात्री सुटून गेलं, ते तिकीट नॉन रिफंडेबल, आणि दोन्ही कंपन्या म्हणाल्या आमचा संबंध नाही. घरच्यांनी दुसऱ्या दिवशीचं तिकीट दुप्पट भावानं काढलं, तेही सोनं ठेवून. त्या आईचा चेहरा मी बघितलाय. केएलएम, एअर फ्रान्स अशा काही कंपन्यांचा इंडिगोशी कोडशेअर, म्हणजे एकमेकांच्या विमानांची तिकिटं विकायचा करार, आहे, त्यामुळं त्यांच्या वेबसाइटवर निघायचं ठिकाण म्हणून मुंबई न टाकता आयएक्सजी, म्हणजे बेळगाव, टाकून बघा. मिळेलच असं नाही, पण टाकून बघायला पैसे पडत नाहीत. आणि एका तिकिटावर नाहीच मिळालं तर सांबऱ्याचं विमान आदल्या दिवशीचं घ्या, त्याच दिवशीचं नको.

वेगळ्या तिकिटांचा आणखी एक धोका युरोपच्या बाजूला असतो. लंडनपर्यंत एक स्वस्त तिकीट आणि तिथनं पुढं दुसऱ्या कंपनीचं, असं जोडून देणाऱ्या साईट आहेत, त्याला सेल्फ ट्रान्सफर म्हणतात. यात बॅगा स्वतः घ्यायच्या, इमिग्रेशनमधनं बाहेर पडायचं, परत चेक-इन करायचं. म्हणजे त्या मधल्या देशात शिरायचा कागद लागतो, आणि जर्मनीच्या व्हिसावर इंग्लंडमध्ये आपोआप शिरता येत नाही. पहिल्यांदा देशाबाहेर पडणाऱ्या बावीस वर्षांच्या पोराला या फंदात टाकूच नये. शेंगेनमधल्या शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांमध्ये, विमान बदलायचं असेल, समजा फ्रँकफर्टला उतरून पुढं दुसऱ्या गावाला, तर ते एका तिकिटावर ठीक आहे, पण पासपोर्टची तपासणी पहिल्या विमानतळावरच होते आणि सकाळी तिथं रांग मोठी असते, म्हणून मधे दीड तासापेक्षा कमी वेळ असलेलं कनेक्शन नको, दोन-अडीच तास असलेले बरे.

तिकडचं टोक पण तेवढंच बघायला हवं. माझी मुलगी राहते ते माग्देबुर्ग बर्लिनपासनं दीडशे किलोमीटर, ट्रेननं दोनेक तास. फ्रँकफर्टला उतरलं तर चार तासांची ट्रेन, मधे बदलायची, आणि दोन बॅगा घेऊन. आता एमिरेट्स जर्मनीत फ्रँकफर्ट, म्युनिक, ड्युसेलडॉर्फ आणि हॅम्बुर्ग या चारच ठिकाणी उतरतं, बर्लिनला नाही, कतारचं दोहा-बर्लिन विमान असतं. तेव्हा आपल्या पोराचं गाव कुठं आहे ते नकाशावर बघून मग विमानतळ ठरवायचा. आपल्याकडं फ्रँकफर्ट म्हणजे जर्मनी असं डोक्यात बसलंय, पण ड्रेस्डेन, केमनित्स, माग्देबुर्ग हा सगळा पूर्वेचा भाग बर्लिनला जवळ. तीन हजार रुपये स्वस्त म्हणून फ्रँकफर्टचं तिकीट काढायचं आणि ऐनवेळी आयसीई या तिथल्या वेगवान गाडीचं तिकीट सत्तर-ऐंशी युरोला घ्यायचं, यात वाचलं काय. उलट फ्रँकफर्ट विमानतळाला लागूनच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे, त्यामुळं कलोन, श्टुटगार्ट, आखेन या बाजूच्या पोरांना फ्रँकफर्टच सोयीचं. काही विमान कंपन्या तिकिटात जर्मन रेल्वेचा प्रवास जोडून देतात, त्याला रेल अँड फ्लाय म्हणतात, बुक करताना हा पर्याय दिसतो का बघा, कारण विमान लेट झालं तरी त्यात ठराविक गाडीचं बंधन सहसा नसतं. स्वस्तातलं जर्मन रेल्वेचं तिकीट मात्र त्याच एका गाडीला बांधलेलं असतं. युरोपातल्या स्वस्त विमान कंपन्यांच्या विमानतळांची नावं पण फसवी असतात, फ्रँकफर्ट हान हे फ्रँकफर्टपासनं सव्वाशे किलोमीटर लांब आहे.

पोचायचा वार आणि वेळ याचा कुणी विचारच करत नाही. जर्मनीत हॉस्टेलची किल्ली हाउसमायस्टर, म्हणजे इमारतीचा केअरटेकर, देतो आणि तो ऑफिसच्या वेळेत, सोमवार ते शुक्रवारच भेटतो, तेही बहुतेक आधी मेल करून वेळ घेतलेली असेल तर. शुक्रवारी रात्री पोचलेल्या पोराला सोमवारपर्यंत बाहेर हॉटेलात काढावं लागतं, आणि रविवारी तिथं दुकानं बंद. दूध-ब्रेड घ्यायचं म्हटलं तरी मोठ्या स्टेशनवर जावं लागतं. दोन-तीन रात्रींचं हॉटेल धरलं की मंगळवारचं पाच हजारांनी महाग असलेलं तिकीट स्वस्त पडतं. म्हणून सोमवार ते गुरुवार, आणि सकाळी उतरणारं विमान, असंच बघा. हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतं, पण गावात नाव नोंदवायचं असतं, बँक, विमा, हे सगळं असतं, म्हणून सप्टेंबरच्या मध्याला पोचलेलं चांगलं. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरअखेर भाडी चढतात, कारण सगळी पोरं तेव्हाच जातात.

तिकिटावरच्या तारखेबद्दल एक सांगतो, साधीच गोष्ट आहे पण यात माणसं चुकतात. १२ तारखेचं रात्री १ वाजून २० मिनिटांचं विमान म्हणजे ११ तारखेला रात्री दहालाच विमानतळावर जायचं. बंगळूर आणि मुंबईहून युरोपला जाणारी बहुतेक विमानं याच वेळेची. घरात कॅलेंडरवर १२ ला गोल करून ठेवला की १२ च्या संध्याकाळी निघायची तयारी होते आणि विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. त्या कॅलेंडरवर घरातनं निघायची तारीख लिहा, विमानाची नको. आणि नाव. आपल्या कर्नाटकातल्या मार्क्सकार्डावर नावाच्या मागंपुढं इनिशियल असतात, आधारवर वेगळं, पासपोर्टवर वेगळं. तिकिटावर फक्त पासपोर्टवरचं नाव, अक्षर न् अक्षर तसंच.

कधी काढायचं हा प्रश्न सगळे विचारतात. दोन-तीन महिने आधी भाडी बरी असतात हे खरं, पण व्हिसा हातात नसताना नॉन रिफंडेबल तिकीट काढणं म्हणजे कर्जाच्या पैशांवर जुगार आहे. मी पोरांना सांगतो, व्हिसाची अपॉइंटमेंट झाली की रोज गुगल फ्लाइट्सवर महिन्याचं कॅलेंडर उघडून चारही ठिकाणची भाडी बघत राहा, म्हणजे नेहमीचा भाव काय आणि स्वस्त काय हे डोळ्याला कळायला लागतं. व्हिसा आला की त्याच दिवशी काढा, किंवा थोडे जादा देऊन तारीख फुकट बदलता येणारं तिकीट घ्या. सर्च कुठल्याही साईटवर करा, पण पैसे विमान कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर भरा. मधल्या साईटवर पाचशे-हजार कमी दिसतात, मग कन्व्हिनियन्स फी लागते, आणि तारीख बदलायची वेळ आली की कंपनी म्हणते साईटला विचारा, साईट म्हणते कंपनीला विचारा. गावातल्या ओळखीच्या एजंटकडनं काढायला माझी हरकत नाही, फोन उचलणारा माणूस असतो, फक्त त्याला स्टुडंट फेअरच द्यायला सांगा आणि पीएनआर टाकून कंपनीच्या साईटवर स्वतः तपासा.

स्टुडंट फेअर तर सोडूच नका. एअर इंडिया, लुफ्थान्सा, एमिरेट्स, कतार या सगळ्यांची विद्यार्थ्यांसाठी वेगळी भाडी आहेत. काहींमध्ये भाड्यात सूट, काहींमध्ये एक बॅग किंवा १० किलो जादा, काहींमध्ये तारीख बदलायची सवलत. भाडं वरवर हजार-दोन हजार जास्त दिसलं तरी दुसऱ्या बॅगेची किंमत धरली की तेच स्वस्त निघतं. अ‍ॅडमिशन लेटरची प्रिंट हातातल्या पिशवीत ठेवा, काउंटरवर मागतात. आणि शैक्षणिक कर्जात प्रवासखर्च धरता येतो हे बँकेत अर्ज करतानाच विचारा, बऱ्याच घरांना हे ठाऊकच नसतं आणि ती तिकिटासाठी वेगळं उसनं काढतात.

आखातातनं जावं का थेट, यावर दोन मतं आहेत. आखातातनं जाणारं विमान बरेचदा स्वस्त असतं आणि बर्लिन, हॅम्बुर्गसारख्या ठिकाणी एकदाच बदलून पोचवतं. पण २३ जून २०२५ ला कतारनं आपली हवाई हद्द अचानक बंद केली तेव्हा दोहाला जाणारी विमानं वाटेतनं परत फिरली आणि पोरं कुठं कुठं अडकून पडली. तिकीट काढायच्या आठवड्यातल्या बातम्या बघून ठरवा, एवढंच म्हणेन. पाकिस्ताननं एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली तेव्हापासनं आपल्या कंपन्यांना पण वळसे घ्यावे लागले, दिल्लीहून जास्त, मुंबई-बंगळूरहून त्या मानानं कमी. युरोपियन युनियनचा २६१/२००४ हा नियम पण माहीत असू द्या. युरोपियन कंपनीचं विमान इथनं तिकडं जाताना आणि कुठल्याही कंपनीचं विमान तिकडनं इकडं येताना, ३५०० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल आणि कंपनीच्या चुकीनं चार तासांवर उशीर झाला, तर ६०० युरो भरपाई मागता येते. हवामान, युद्ध ही कारणं त्यात येत नाहीत. पण विमान बिघडलं, क्रू नव्हता, अशा वेळी मागायची, लाजायचं नाही, पोराचा दोन महिन्यांचा किराणा निघतो त्यात.

सामानाबद्दल बेळगावकरांना एक सांगणं जिवावर येतंय पण सांगतो. कुंदा पाठवू नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातनं प्रवाशानं दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. कुंदा खव्याचा, तूप दुधाचं, पेढे तसेच, पकडलं तर टाकून देतात आणि दंडही होऊ शकतो. कढीपत्त्याची ताजी पानं पण चालत नाहीत. मसाले, शेंगाचटणी, सुकं मेतकूट, पापड, लाडू द्यायचे तर तेलातले, हे चालतं. मुलगी पहिल्यांदा निघाली तेव्हा तिच्या आजीनं कुंद्याचा डबा करून ठेवला होता, तो घरीच ठेवायला लावताना आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण पोरीला पहिल्याच दिवशी कस्टमवाल्यांपुढं उभं करण्यापेक्षा ते बरं.

परतीचं पण आधीच ठरवा. एकेरी तिकीट कितीतरी वेळा दुहेरीच्या निम्म्यापेक्षा बरंच महाग असतं, त्यामुळं पोरगं वर्षाच्या आत येणार हे नक्की असेल तर तारीख बदलता येणारं दुहेरी तिकीट एकदा तपासा. डिसेंबरच्या मध्यापासनं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भाडी डोळे पांढरे करतात, फेब्रुवारीअखेर परीक्षा संपल्यावर आलं तर बरीच कमी असतात. येताना एका तिकिटावर सांबऱ्यापर्यंत यायचं असलं तरी मुंबईत किंवा बंगळूरला बॅगा घेऊन कस्टममधनं बाहेर काढून परत द्याव्या लागतात, त्याला वेळ ठेवा. आणि विमानांची वेळापत्रकं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, त्यामुळं आज दिसणारं कनेक्शन नोव्हेंबरला असेलच असं नाही.

हे झालं घरच्यांनी करायचं. आता जे घरच्यांच्या हातात नाही ते. सांबऱ्याला १९४२ पासनं धावपट्टी आहे, २०१७ मध्ये नवीन टर्मिनल झालं. आंतरराष्ट्रीय विमानतळ करा अशी मागणी अधूनमधून होते, ती होईल तेव्हा होवो. आम्हाला त्याआधी साध्या गोष्टी हव्यात. सांबऱ्याहून मुंबई आणि बंगळूरला संध्याकाळचं एकेक विमान अशा वेळेला हवं की मध्यरात्रीनंतरची युरोपची विमानं धरता येतील, आणि ते परदेशी कंपन्यांच्या तिकिटाला जोडलेलं हवं, म्हणजे बॅग सांबऱ्याला दिली की थेट बर्लिनला घ्यायची. दुसरं म्हणजे बस. म्हैसूरहून बंगळूर विमानतळाला केएसआरटीसीची फ्लायबस धावते, तशी बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकातनं मोपाला, विमानांच्या वेळा धरून, सामानाला जागा असलेली बस वायव्य कर्नाटक परिवहननं सोडावी. गोव्याच्या कदंबा परिवहनशी बोलून दोघांनी मिळून चालवली तरी चालेल. खानापूर, निपाणी, चंदगडची पोरं पण तीच धरतील, हद्द इकडची तिकडची असली तरी बस एकच पुरते. आमचे खासदार, आमदार, चेंबर ऑफ कॉमर्स यांनी यात लक्ष घालावं. विमान कंपन्यांना प्रवासी किती आहेत ते दाखवायला लागतं म्हणतात, तर इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी आणि व्हीटीयू या तंत्रशिक्षणाच्या विद्यापीठानं दरवर्षी किती पोरं कुठल्या देशात गेली याची यादी काढून द्यावी, ती त्यांच्याकडं ट्रान्सक्रिप्टच्या अर्जांवरनं सहज निघते.

आपल्या दैनिकाला एक विनंती. जून आणि जुलैत आठवड्यातनं एकदा या पोरांसाठी अर्धं पान द्यावं, त्यात सांबरा, मोपा, बंगळूर, मुंबईच्या त्या हंगामातल्या विमानांच्या वेळा, वंदे भारतची वेळ, घाटाची स्थिती एवढं छापावं. शक्य असेल तर आधी जाऊन आलेल्या पोरांचे अनुभव पण घ्यावेत. माहिती गोळा करायला मदत लागली तर आम्ही काही पालक तयार आहोत, ऑफिसात येऊन भेटू.

कळावे,
आपला नम्र,
एक पालक, टिळकवाडी, बेळगाव